निकालाची वाट न पाहता मागायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आतेबहीण, वय २४, तालुक्याच्या गावी कापड दुकानात कामाला. ओळखीच्याच माणसाने बलात्कार केला. गुन्हा नोंदवून ११ दिवस झाले, आरोपी अटकेत आहे. खासगी दवाखान्यात १८ हजारांचं बिल तुम्ही भरलंत. एका वकिलांनी ‘केस चालवायचे’ ४० हजार सांगितले. तपासी अंमलदार फोन उचलत नाहीत. आरोपीकडची माणसं दोनदा घरी येऊन ‘मिटवून घ्या’ म्हणून गेली. बहीण झोपत नाही, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. आणि शेवटी विचारलंय, सरकार नुकसानभरपाई देतं असं ऐकलं, पण ती निकाल लागल्यावरच मिळते ना?

गावाचं नाव तुम्ही लिहिलं होतंत, ते मी मुद्दाम गाळलं. का, ते पुढे येईल.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचं सगळं तिथेच अडून बसलंय. भरपाईसाठी निकालाची वाट बघायची गरज नाही. मी १९ वर्षं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनेलवर वकील आहे. ‘एकदा केस संपू दे, मग बघू’ म्हणत थांबलेली घरं मी बरीच पाहिली. केस संपेपर्यंत मुलीचं लग्न लागलेलं असतं, नाहीतर घरच गाव सोडून गेलेलं असतं, आणि अर्ज मात्र कुणी केलेला नसतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ ए होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ आलं. या कलमात एक पोटकलम आहे, ते ओळखीच्या वकिलांना दाखवा: आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडित व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. आरोपीच नसताना मिळू शकणारी रक्कम आरोपीच्या शिक्षेवर कशी अवलंबून असेल? अर्ज आला की प्राधिकरणाने चौकशी करून दोन महिन्यांत निर्णय द्यायचा, असं तेच कलम सांगतं. दोन महिन्यांचे चार होतात, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण खटल्याच्या चार-पाच वर्षांपुढे ते काहीच नाही.

महाराष्ट्रात यासाठी ‘मनोधैर्य’ योजना आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये ती सुरू झाली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांसाठी ती आहे. २०१७ मध्ये कमाल रक्कम १० लाखांपर्यंत नेली आणि कारभार विधी सेवा प्राधिकरणाकडे दिला. तिच्या शेजारी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ची योजना आहे. २ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर लागू झालेल्या त्या योजनेत बलात्कारासाठी किमान ४ आणि कमाल ७ लाख असा तक्ता आहे. दोन्हीकडून दुप्पट मिळेल अशी आशा धरू नका. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वजा होते. कुठल्या योजनेखाली बसवायचं हा प्राधिकरणाचा प्रश्न, तुमचा नाही. तुम्ही अर्जात घटना, खर्च, बुडालेला रोजगार आणि डॉक्टरांचे कागद नीट मांडा.

आणि भरपाई फक्त याच गुन्ह्यांना असते असंही नाही. खून झालेल्याची बायको, आई-वडील हेसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘पीडित’ ठरतात, कारण व्याख्येत कायदेशीर वारस येतो. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, नाही दिली तर का नाही दिली तेही लिहायचं. निकालाच्या वेळी हे कोर्टाला आठवून देणारं कुणी लागतं, नाहीतर तो मुद्दा तसाच राहून जातो.

अर्ज कुठे करायचा, तर तुम्हाला जिल्ह्याला जायचीही गरज नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. बोर्ड बहुधा जिन्याखाली किंवा नोटीस बोर्डामागे झाकलेला असतो, शिपायाला विचारा. तिथला लिपिक छापील नमुना देतो, नसेल तर साध्या कागदावर अर्ज चालतो. सोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद, आधार कार्ड आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. खरं तर पोलिस ठाण्यानेच अशा गुन्ह्याच्या एफआयआरची प्रत स्वतःहून प्राधिकरणाला पाठवायची असते, २०१८च्या योजनेत ते बंधनकारक आहे. पाठवलीच असेल असं धरून चालू नका.

पासबुकापाशी जरा थांबते. खातं बहिणीचं एकटीचं हवं. माझ्या एका पक्षकार मुलीचं वेगळं खातं नव्हतं, म्हणून घाईत वडिलांबरोबरच्या जोडखात्याचा नंबर दिला गेला. मंजुरीचा आदेश आला, रोखीचा हिस्सा जमा झाला आणि त्याच आठवड्यात बँकेने तो वडिलांच्या पीककर्जाच्या थकबाकीत वळता करून घेतला. मुलीच्या मोबाइलवर दोन मेसेज होते, एक जमेचा, एक वजाचा, मध्ये तीन दिवस. ते पैसे परत मिळवायला पत्रव्यवहारात आठ महिने गेले. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत घटनेबद्दल अवाक्षर विचारत नाही, खातं कुणाच्या नावावर आहे ते विचारते. नाव आधारवर जसं आहे तसंच बँकेत हवं. लग्नानंतरचं आडनाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्यावर, एवढ्यावरून रक्कम अडकते.

रक्कम मंजूर झाली तरी सगळी हातात येत नाही. साधारण तीन-चतुर्थांश भाग तिच्या नावाने मुदत ठेवीत जातो, उरलेला लगेच वापरायला मिळतो. घरचे यावर नाराज होतात. मी होत नाही. का, ते वर सांगितलेल्या पीककर्जावरून कळेल. शिक्षण किंवा उपचारासाठी ठेव मोडायची झाली तर प्राधिकरणाकडे तसा अर्ज करता येतो. आणि एक भीती आधीच काढून टाकते: आरोपी सुटला म्हणून पैसे परत मागत नाहीत. तक्रार खोटी होती असं कोर्टाने निकालपत्रात म्हटलं तर वसुलीची कारवाई होऊ शकते. पुराव्याअभावी सुटणं वेगळं आणि खोटी तक्रार वेगळी.

तुम्ही बहिणीची जात लिहिलेली नाही, लिहायचं कारणही नव्हतं. पण ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि आरोपी तसा नसेल, तर ॲट्रॉसिटीचं कलम लागलंय का ते एफआयआरमध्ये आज बघा. लागलं असेल तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि अर्थसहाय्य समाजकल्याण विभागाकडून येतं. २०१६च्या नियमांत बलात्कारासाठी ५ लाख, सामूहिक बलात्कारासाठी सव्वाआठ लाख धरलेत. त्यातला अर्धा भाग वैद्यकीय अहवालानंतर, पाव भाग दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, पाव भाग खटला संपल्यावर. साक्षीला येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाचा भत्ताही त्या नियमांत आहे. जातीचा दाखला घरात असेल तर शोधून ठेवा. नुसत्या दाखल्यापायी पहिला हप्ता महिनोन्महिने अडकलेला मी पाहिला आहे.

आता वकिलांचे ४० हजार. देऊ नका. सत्र न्यायालयात हा खटला सरकार चालवतं, सरकारी वकील चालवतात आणि त्यांना तुम्ही एक पैसाही द्यायचा नसतो. तुमच्या बाजूने आणखी एक वकील हवा असेल, आणि असावाच असं माझं मत आहे, तर तो न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांना साहाय्य करतो. हा वकील बहिणीला फुकट मिळतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. घरात ट्रॅक्टर आहे, भाऊ नोकरीला आहे, म्हणून बाईला मोफत वकील नाकारता येत नाही. त्याच समितीत, त्याच टेबलावर दुसरा अर्ज द्या. फोनवरून विचारायचं तर राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. मोफत वकील म्हणजे टाकाऊ वकील हा समज मला माहीत आहे, आणि काही जणांनी तो कमावलेलाही आहे. नेमून दिलेला वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागता येतो, लेखी मागा.

वकील पहिल्या दिवसापासून हवा ही कल्पना माझी नाही. १९९४ साली दिल्लीतल्या एका संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अशी स्त्री पोलिस ठाण्यात येईल तेव्हाच तिला वकिलाचा हक्क समजावून सांगायचा आणि वकिलांची यादी तिथे ठेवायची. तीस वर्षं उलटली. ती यादी भिंतीवर पाहिल्याचं मला एकदाच आठवतं, आणि तीत दोन वकील वारलेले होते.

वकिलाचा सगळ्यात मोठा उपयोग जामिनाच्या वेळी होतो. आरोपीचा अर्ज लागतो, सुनावणी होते, तो सुटतो, आणि घरच्यांना कळतं ते तो चौकात चहा पिताना दिसल्यावर. २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पीडिताला जामिनासह प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे. पण तारीख कळली तर म्हणणं मांडाल. म्हणून प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळवा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून ठेवा, पुढची तारीख मोबाइलवर दिसते. जामीन अर्जाला त्याचा स्वतःचा वेगळा क्रमांक पडतो, हे विसरू नका.

‘मिटवून घ्या’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं? पहिलं म्हणजे हा गुन्हा आपसात मिटत नाही, तशी सोयच कायद्यात नाही. लोक ‘मिटवणं’ म्हणतात त्याचा अर्थ मुलीने कोर्टात फितूर होणं. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २३२, शिक्षा सात वर्षांपर्यंत. दोन्ही भेटींच्या तारखा, वेळा, कोण आलं, काय बोललं, कोणत्या गाडीने आलं, हे आज रात्रीच लिहून काढा. घरासमोर कुणाचा सीसीटीव्ही असेल तर त्यातलं चित्रण पुसलं जायच्या आत मागा. मग पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या. धोका खरोखर असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ला मान्य केलेली. अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे जातो, तिचे प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात, सोबत पोलिसप्रमुख आणि सरकारी अभियोक्ता. हत्यारी पोलिस दारात बसवतील अशी अपेक्षा ठेवू नका. गस्तीची गाडी दिवसातून दोनदा दारावरून जाणं, घराबाहेर दिवा-कॅमेरा, साक्षीच्या दिवशी नेण्या-आणण्याला गाडी, असं काही मिळतं. गस्तीची गाडी दोन दिवस दिसली की आरोपीकडच्या माणसांची पावलं बरीच मंदावतात, हा अनुभव आहे. तातडीला ११२.

तपासी अंमलदारांबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय. साहजिक आहे. तरी फोनवर चिडण्यापेक्षा कागद द्या. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांना भाग आहे. बलात्काराचा तपास दोन महिन्यांत पुरा करायचा आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळायला हवी, मिळाली नसेल तर आधी तीच मागा. पुढे दोषारोपपत्राची प्रतही पीडितेला तिच्या वकिलामार्फत मिळते, हे जुन्या कायद्यात इतकं उघड लिहिलेलं नव्हतं. आणि तपासी अंमलदारांशी मिटत नसेल तर त्याच आवारात बघा, महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे का. मुंबई पोलिस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाज विज्ञान संस्थेने तो सुरू केला, पुढे राज्य शासनाने तो स्वीकारून जिल्ह्यांत नेला. पोलिसांच्या इमारतीत बसणारी पण पोलिस नसलेली समाजसेविका, एवढीच ती कल्पना. साहेबांच्या केबिनमध्ये तुम्हाला बाकावर बसवून ठेवतात, तिथे ती सरळ आत जाते. काही शहरांत हेच काम भरोसा सेल नावाने चालतं.

इथे मला माझ्या फायलींबद्दल सांगायचंय. वीस-पंचवीस रुपयांची बटणाची प्लास्टिक फाईल मिळते ना, ती मी प्रत्येक मुलीच्या हातात देते. तिच्या, भावाच्या नाही. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता: कुठे गेलो, कुणाला भेटलो, काय म्हणाले. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत, एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही घ्यायची. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही, वकिलालाही नाही, मलाही नाही. एका मुलीने दोन वर्षांनी ती फाईल परत आणून दाखवली. कोपरे फाटलेले, आत ४७ कागद, आणि प्रत्येक अर्जाच्या मागे तिने पेन्सिलीने एसटीचं भाडं लिहून ठेवलेलं. त्या आकड्यांची बेरीज आम्ही अर्जाला जोडली.

आता १८ हजार. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर प्रथमोपचार आणि उपचार मोफत करणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘आधी पोलिसात जाऊन या’ म्हणून परत पाठवणंही चूक, रुग्णालयाने उपचार सुरू करून पोलिसांना कळवायचं असतं. बिल भरलंत ते भरलंत. मूळ पावत्या जपा, जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र लिहा, आणि तीच रक्कम भरपाईच्या अर्जात खर्च म्हणून दाखवा. पैसे दवाखाना परत करील याची खात्री मी देत नाही. अर्जात धरले जाण्याची शक्यता बरी आहे.

पैशांपेक्षा मला वैद्यकीय बाजूची काळजी वाटते. ११ दिवस झालेत. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांत सुरू करावं लागतं. ते दिलं होतं का, ते कागदात बघा. नसेल तर आता तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी. पाळी चुकली तर लगेच चाचणी. गर्भ राहिलाच तर बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, पण तो करण्याआधी तपासी अंमलदारांना लेखी कळवा. डीएनए तपासणीसाठी नमुना जतन करावा लागतो आणि तो एकदा गेला की गेला. त्या दिवशीचे कपडे घरी राहिले असतील तर धुऊ नका, कागदी पाकिटात घालून पोलिसांकडे द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा कुजतो. आणि कुणी डॉक्टरने ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत बोटं घालून केलेली तपासणी, लिहिली असेल तर मला कळवा. ३१ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायचं ठरवलं आहे.

झोप आणि बोलणं. इथे कायद्याची कलमं संपतात. जिल्ह्याला ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं, २०१५ पासून केंद्राच्या योजनेतून चालणारं. समुपदेशक, पोलिसांशी आणि रुग्णालयाशी संपर्क, वकिलाची गाठ, आणि घरात राहणं अशक्य असेल तर पाच दिवसांपर्यंत मुक्काम. १८१ला फोन केला की तिथे जोडून देतात. रात्री-अपरात्री फोनवर मराठीत बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मुंबईत असतात तर मी तुम्हाला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या ‘दिलासा’ केंद्राकडे पाठवलं असतं. महापालिका आणि सेहत संस्थेने २००० च्या सुमारास ते रुग्णालयातच सुरू केलं. केसपेपर काढायला आलेली बाई दुसऱ्या खिडकीशी समुपदेशकाला भेटते आणि घरी कुणाला पत्ता लागत नाही, ही त्यातली खुबी. बाहेर प्रत्येक सेंटर तितकं चांगलं आहे असं म्हणणार नाही. कुठे समुपदेशकाची जागाच रिकामी, कुठे ‘लग्न लावून द्या’ सांगणारी बाई. दोन भेटींत बहिणीला बरं वाटलं नाही तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तिथले कागद भरपाईच्या अर्जालाही लागतात, मानसिक आघात हा तक्त्यातला वेगळा मुद्दा आहे.

तिला घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. पोलिसांना, डॉक्टरांना, मग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, हे टळत नाही. पण मावशी, काकू, सरपंच, पत्रकार, ओळखीचे वकील हे टळतं. जो माणूस तिच्यासोबत जातो त्याने निम्म्या ठिकाणी ‘ते सगळं एफआयआरमध्ये आहे’ एवढंच म्हणावं.

आणि आता गावाच्या नावाचं. पीडितेची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. बंदी फक्त वर्तमानपत्रांना आहे असं समजून लोक मुलीचा फोटो लावून ‘न्याय द्या’चे स्टेटस ठेवतात, चौकात फ्लेक्स लावतात. नाव न लिहिता ‘अमुक गावच्या कापड दुकानातली २४ वर्षांची’ लिहिलं तरी गावाला कळतं. मोर्चा काढायला येणाऱ्या मंडळींना हे आधीच सांगा, प्रेमाने येतात तेही सांगितल्याशिवाय थांबत नाहीत.

साक्षीचा दिवस यायला वेळ आहे, तरी एक सांगून ठेवते. सुनावणी बंद दालनात होते. तिच्या पूर्वायुष्याबद्दल प्रश्न विचारायला कायद्यानेच मनाई आहे, विचारला तर सरकारी वकिलांनी उठलं पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत उभारायला सांगितलं आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रौढ पीडितांनाही त्यात धरलं. तिथे वेगळी वाट असते, वेगळी बसायची खोली असते, आरोपी समोर दिसत नाही. माझ्या पहिल्या काही खटल्यांत यातलं काही नव्हतं. पुकारा होईपर्यंत मुलगी आणि आरोपीची आई एकाच व्हरांड्यातल्या एकाच बाकावर बसायच्या, कारण बाकच एक होता. मी तिला महिला वकिलांच्या खोलीत नेऊन बसवायचे आणि बेलिफाला सांगायचे, नाव मोठ्याने पुकारू नको, मला येऊन सांग. तुमच्या कोर्टात केंद्र सुरू झालं नसेल तर पडद्याची आणि वेगळ्या खोलीची मागणी वकिलामार्फत महिनाभर आधी द्या. त्या सकाळी मागून काही होत नाही.

ज्यांचा गुन्हाच नोंदवून घेत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी, तुम्हाला लागू नाहीत. हद्द आमची नाही असं म्हणून पोलिसांना नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायचा. तरी नाकारला तर पोलिस अधीक्षकांना पोस्टाने, आणि तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मूल पीडित असेल तर १०९८, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर दुसरं काही करायच्या आधी १९३०. त्यात मिनिटांचा हिशेब असतो.

या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या पत्रात मला कुठेच दिसली नाही. बहिणीला काय हवंय, ते. ती सज्ञान आहे. भरपाईच्या अर्जावर, वकीलपत्रावर, समुपदेशकाच्या कागदावर, सगळीकडे सही तिची लागणार, तुमची चालणार नाही. सोबत तुम्ही यावं की एखादी बाई यावी, हे तिला विचारा. ‘नको’ म्हणाली तर आठवड्याने परत विचारा, तोवर धमक्यांच्या तारखा तेवढ्या लिहून ठेवा, त्याला तिची सही लागत नाही. जायचं ठरलंच तर तालुका कोर्टात जेवणाच्या सुट्टीआधी पोचा, पासबुक बरोबर घ्या, आणि अर्जाची दुसरी प्रत विसरू नका.